हरकरेकाका गाडीतून उतरले

नवीन माणूस गाडी घेऊन आवारात आला की हरकरेकाका आधी त्याच्या गाडीतले देव काढायला लावायचे. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती, आरशाला टांगलेला हनुमान, मान हलवणारे साईबाबा, काळ्या दोऱ्यात ओवलेली, कुराणातली ओळ कोरलेली चांदीची आयत. त्यांच्याबरोबर पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, पायाखालच्या चटया, मागच्या काचेजवळची खेळणीही बाहेर. गाडी जोरात वळली की सुटी वस्तू घरंगळते आणि नेमकी ब्रेकखाली जाऊन बसते, हे कारण ते सगळ्यांना सांगत. देवांच्या बाबतीत मात्र त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "भगवान को उधर बहनजी के पास बिठाओ. गाड़ी में तुम्हारे साथ मैं बैठूँगा. एक सीट पे दो जन का काम नहीं."

बहनजी म्हणजे मी. पत्र्याच्या शेडखाली माझं पोह्यांचं पातेलं आणि चहाचा स्टोव्ह असायचा. शेजारी एक परात धुऊन पुसून, तिच्यात स्वच्छ फडका अंथरून ठेवलेली असे. त्या परातीत मी सगळ्यांचे देव ओळीने मांडायचे. कुणाचा कुठला, यात माझी कधी चूक झाली नाही.

या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. टीव्हीवर दाखवतात तशा एकमेकींच्या मागे लागलेल्या गाड्या यात नसतात. मोकळ्या जागेत नारिंगी रंगाचे प्लास्टिकचे कोन मांडून वाकडीतिकडी वाट आखतात आणि त्या वाटेने एका वेळी एकच गाडी जाते. शर्यत असते ती घड्याळाशी. कोन पडला की दंडाचे सेकंद वाढतात. गाडी कुठलीही चालते, रोज ऑफिसला नेतात तीसुद्धा. लखनौबाहेर मलिहाबादच्या रस्त्याला आंब्याच्या एका व्यापाऱ्याचं मोठं सिमेंटचं आवार होतं. दसहरी आंब्याच्या दिवसांत तिथे ट्रक आणि क्रेट सोडून पाय ठेवायला जागा नसे. पावसाळा संपला की होळीपर्यंत ते रिकामं पडून राही, आणि रविवारी तिथे हा खेळ चाले.

काका स्वतः कधी घड्याळाशी धावले नाहीत. ते नागपूरचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासण्याच्या विभागात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावरही ते इथेच राहिले. एकदा कुणाबरोबर तरी आवारात खेळ बघायला गेले, तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. नवीन आलेल्याला तिथे कुणी विचारत नव्हतं. तो बिचारा कोपऱ्यात गाडी लावून बघत बसायचा, लाजायचा आणि पुढच्या रविवारी यायचा नाही. काकांनी ते काम आपल्याकडे घेतलं. नव्या माणसाला हेल्मेट मिळवून द्यायचं, त्याच्या टायरची हवा बघायची आणि पहिल्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं. रस्त्यावर मात्र काकांची स्वतःची गाडी सायकलरिक्षाच्या मागे मागे चाले. चारबाग स्टेशनवर पाहुण्यांना आणायला निघाले की काकू म्हणायच्या, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मी सब्जीवाल्या भैयाच्या ठेल्यावर बसून येते, तो आधी पोचेल."

मी त्यांच्या आलमबागच्या घरामागच्या खोलीत राहत होते. माझे मालक चौकात सोनं गाळण्याच्या दुकानात कामाला होते. आमच्या विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तसे आम्ही इथे आलो. काकूंकडे मी स्वयंपाक करायचे. काकांना साखरेचा त्रास होता आणि आवारात गेले की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे, म्हणून काकू मला त्यांच्याबरोबर धाडू लागल्या. "कुणाशी बोलू नकोस," त्या म्हणाल्या, "नुसती वेळेवर त्यांच्या हातात बशी दे." बोलायचं नाही हे मला बरंच होतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, हिंदी तुटकी, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो.

सकाळी एकही गाडी सुरू होण्याआधी काका नव्या लोकांना घेऊन ती वाट पायी फिरत. पुढे काका, मागे चार-पाच जण, कॉलेजात जाणारी मुलं, एखादा बँकेतला साहेब, कधी दातांच्या डॉक्टर झालेल्या मुली. मोटार चालवायला आलेल्या माणसांना हे चालणं पटत नसे. एकदा एकाने विचारलंच की पैदल का फिरायचं. काका म्हणाले, "किराये का घर लेता है तो पूरा घूम के देखता है ना बे? संडास तक देखता है. फिर?" लखनौची मुलं पाच वर्षांच्या पोरालाही आप म्हणणारी. काकांचं ते 'बे' पहिल्यांदा ऐकलं की त्यांचे चेहरे पडत. दोन-तीन रविवार गेले की तीच मुलं एकमेकांना 'क्या बे' म्हणत फिरत आणि काकांसमोर जीभ चावत.

गाडीच्या काचा उघड्या असत, त्यामुळे शेडमध्ये बसून मला त्यांचं बोलणं ऐकू येई. "ब्रेक है वो, कॉकरोच नहीं. कुचल काहे को रहा है?" "स्टेअरिंग पकड़ा है कि रोटी बेल रहा है?" "कोन को मत देख. कोन को देखेगा तो कोन पे जाएगा. जहाँ जाना है उधर देख." कुणी पहिल्याच फेरीत जोर लावला तर ते हँडब्रेकवर हात ठेवून म्हणत, "पहली बार किसी के घर गया तो सीधा रसोई में घुसता है क्या? नमस्ते तो कर." परत येताना गाडीत मला मराठीत सांगत, "शालन, आज तो बँकवाला पाहिला का तू? तीन दिवसांचं दही लागल्यासारखा घट्ट बसून राहिला होता. शेवटी सैल झाला बाप्पा." त्यांना त्याचाच आनंद होता. कोण पहिला आला हे त्यांना घरी पोचेपर्यंत आठवतही नसे.

त्यांची एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं त्या पद्धतीपाशीच घडलं म्हणून ती नीट सांगते.

आवाराच्या एका कोपऱ्यात सिमेंट झिजून गुळगुळीत झालं होतं. काका तिथे टँकरचं पाणी ओतायला लावत. नवीन माणूस थोडा सरावला की ते त्याला त्या पाण्यावरून वेगात न्यायला सांगत आणि वळता वळता ब्रेक दाबायला लावत. गाडी सुटायची. मागची बाजू पुढे यायची, माणूस स्टेअरिंग फिरवत राहायचा आणि गाडी त्याचं ऐकायची नाही. आजूबाजूला आदळण्यासारखं काही नव्हतं, तरी उतरणाऱ्याचा चेहरा पांढरा पडलेला असे. गाडी थांबली की काका विचारत, "छूटी थी?" तो म्हणायचा, हो. मग दुसरा प्रश्न. "किसकी ग़लती?"

कुणी म्हणे पाण्याची, कुणी म्हणे टायर जुने आहेत, कुणी म्हणे तुम्हीच तर ब्रेक दाबायला सांगितलंत. काका पट्टा पुन्हा आवळत आणि म्हणत, चल, परत. कुणाला दोन रविवार लागत, कुणाला चार. ज्या दिवशी तो माणूस स्वतःहून म्हणे, "मेरी," त्या दिवशी काका पट्टा काढून दार उघडत आणि खाली उतरत. तिथून पुढे तो एकटा. आवारात या गोष्टीला नावच पडलं होतं. 'अंकल उतर गए' म्हणजे हा माणूस आता तयार झाला. मुलं घरी फोन करून तेवढंच सांगत.

मी एकदा विचारलं होतं की चूक तर खरंच पाण्याची असते, मग त्यांच्याकडून कशाला वदवून घ्यायचं. काका म्हणाले, "पाणी तर राहणारच आहे ना बाई. रस्त्यावर पाणी राहील, कुत्रं राहील, म्हातारं माणूस राहील. ज्याला सगळ्यांची चूक दिसते आणि स्वतःची नाही, त्याला मी वेगाने जायला शिकवलं तर मी कोण?"

काकांना वेगात गाडी चालवताना मी एकदाच पाहिलं. माझ्या मालकांच्या छातीत दुकानातल्या तेजाबाचा धूर वर्षानुवर्षं जात होता. एका दुपारी त्यांना श्वासच घेता येईना. काकांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हजरतगंजच्या त्या गर्दीतून काका कसे गेले ते मला कळलं नाही. गाडी धावत होती, वळत होती, थांबत होती, पण माझ्या मांडीवरचं डोकं हललं नाही. मालक आणखी चार दिवस राहिले. काका रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन बाकावर बसत. सगळं उरकल्यावर गावाहून दीर मला न्यायला आले, तेव्हा काकू म्हणाल्या, हिची खोली इथे आहे, तिला जायचं असेल तर ती जाईल. मी गेले नाही.

ध्रुव त्यानंतरच्या हिवाळ्यात आला. बावीस-तेवीस वर्षांचा, हसरा, आल्याबरोबर काकांच्या पाया पडणारा. वडिलांचा इमारती बांधण्याचा धंदा होता. गाडी नवी होती आणि देव कुठलाच नव्हता. "बहनजी को देने के लिए कुछ है ही नहीं," म्हणाला आणि त्याने माझ्या परातीत गाडीतला चॉकलेटचा डबा ठेवला.

तो गाडी चालवायला लागला तेव्हा बाकीच्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मला त्यातलं काय कळणार, पण भाकरी थापणारा हात बघून बाईला जसं समजतं, तसं मलाही समजलं. काका त्याच्या शेजारी बसून काही बोलतच नव्हते. मग ते पाण्याच्या कोपऱ्याकडे गेले. ब्रेक दाबला, मागची बाजू सुटू लागली आणि ध्रुवने हात इतका पटकन फिरवला की गाडी सरळ होऊन पुढे निघून गेली. काकांनी पुन्हा करायला लावलं, जास्त वेगात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोघेही मोठ्याने हसत होते. काका असे हसलेले मी फार कमी वेळा पाहिले. गाडी थांबली, दार उघडलं आणि काका उतरले. पहिल्याच दिवशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना काका खुशीत होते. तीस वर्षं ब्रेक तपासले, असा पाय कधी पाहिला नाही म्हणाले. काकूंनाही तेच सांगितलं आणि रात्री जेवताना मुलाला बंगळुरूला फोन लावून त्यालाही तेच.

पुढच्या वर्षभरात ध्रुव आवारातला सगळ्यात वेगवान माणूस झाला. मग तो कमी येऊ लागला. कोनांच्या मधून फिरण्यात आता मजा नाही, असं कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. काकांनी ते ऐकून सोडून दिलं.

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर त्याच्या गाडीने एका स्कूटीला उडवलं. स्कूटीवर सुषमा निगम नावाच्या बाई होत्या. लहान मुलांच्या शाळेत शिकवत होत्या आणि घरी चालल्या होत्या. त्या जागीच गेल्या. ध्रुवला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की चालक प्रशिक्षित आहे, स्पर्धांमध्ये भाग घेणारा आहे, आणि महिला अचानक समोर आल्याचं सांगण्यात येतं. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. काका देवघरासमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पेपर मागून घेतला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

जामीन झाल्यावर ध्रुव घरी आला. मी चहा ठेवून आत गेले. बोलण्याचा नुसता आवाज येत होता. तो गेल्यावर चहा तसाच होता, दोघांचाही. काकांनी काकूंना आणि मला समोर बसवून तो काय म्हणाला ते सांगितलं. मित्राची गाडी पुढे गेली होती, दोन पुलांच्या मधला वेळ कुणाचा कमी लागतो ते ते बघत होते. शर्यत नव्हती म्हणे, नुसता टाइम बघत होतो. आणि मग म्हणाला, "अंकल, मेरा तो कंट्रोल था. आप तो जानते हैं. वही सामने आ गई."

"मी त्याला विचारलं," काका म्हणाले, "किसकी ग़लती? तर माझ्याकडे असा पाहून राहिला, जसं काही मी दुसऱ्याच भाषेत बोललो. त्याला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता, शालन. मीही नाही."

काकू म्हणाल्या की त्याच्या पापाचं ओझं तुम्ही डोक्यावर घेऊ नका. पुढच्या रविवारी काका आवारात गेले नाहीत, आणि नंतरही कधी गेले नाहीत. नवीन मुलं पत्ता शोधत घरी येत. काका त्यांना चहा देत, टायरची हवा किती ठेवायची ते सांगत, पण शेजारी बसायला नाही म्हणत. एक मुलगी फार अडून बसली, रडवेली झाली, तेव्हा म्हणाले, "बेटा, मेरी गाड़ी छूट गई है."

ध्रुवचे वडील आले ते मिठाईचा मोठा डबा घेऊन. अतिशय अदबीने बोलले. आपण तर त्याचे गुरू आहात, कोर्टात फक्त एवढं सांगा की मुलगा शिकलेला आहे, हात पक्का आहे. काका म्हणाले की हात पक्का आहे, ते मी सांगेन. पण मग पुढचंही सांगेन. पुढचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी दोन पुलांची गोष्ट सांगितली. त्या गृहस्थांनी मिठाईचा डबा काकांच्या बाजूला सरकवला. मग उठताना म्हणाले, "हरकरे साहब, बच्चा आपको अपना समझ के बता गया. घर की बात थी."

"जी," काका म्हणाले, "इसीलिए घर में नींद नहीं आती."

मिठाईचा डबा त्यांनी माझ्या हाती गेटपर्यंत परत पाठवला.

काका पोलीस ठाण्यात गेले. तुम्ही अपघात पाहिला का, नाही ना, मग तुम्ही कशाचे साक्षीदार, असं म्हणून त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा गेले. चौथ्या-पाचव्या वेळी कुणीतरी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, आणि बऱ्याच महिन्यांनी सरकारी वकिलांनी त्यांचं नाव साक्षीदारांत घातलं. वकिलांनी एक बजावलं होतं, साक्ष होईपर्यंत निगम साहेबांशी, म्हणजे त्या बाईंच्या नवऱ्याशी, बोलायचं नाही. नाहीतर दुसरी बाजू म्हणेल की साक्षीदार पढवलेला आहे. काका ते पाळत होते.

गणपतीच्या मंडळातले लोक घरी येऊन समजावून गेले. दामले म्हणून बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, ते म्हणाले, "हरकरे, आपण बाहेरची माणसं. बिल्डर लोकांशी वैर घेऊन इथे राहायचंय का?" बंगळुरूहून मुलाचा फोन आला की स्पीकरवर तेच ऐकू येई. "पापा, छोड़ो ना यार. आप वहाँ थे भी नहीं." काका मराठीत बोलत, तो हिंदीत उत्तर देई. शेवटी काका म्हणत, "बरं, जेवलास का?"

मी एकदाच धीर करून विचारलं की तुमच्या साक्षीने त्या मुलाला शिक्षा होईल का. भाजी निवडता निवडता विचारलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण त्या बाई आता बोलू शकत नाहीत ना. चूक त्यांचीच होती असं कागदावर राहून जाईल. ते नको राहायला."

तारखा पडू लागल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी दुसऱ्या बाजूचे वकील आजारी. काका प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि दुपारी तसेच परत येत. एव्हाना साखरेने त्यांची मूत्रपिंडं खाल्ली होती. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जावं लागे. तारीख आणि मशीन एकाच दिवशी आलं की ते मशीन पुढे ढकलत. काकू डोक्याला हात लावून बसत.

तारखेच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरात येऊन बोलायची तालीम करत. काकूंना भीती होती की हे न्यायाधीशालाच बे म्हणतील. म्हणून मला न्यायाधीश केलं होतं. "तू पीठ मळ," काका म्हणत, "पण कान इकडे ठेव. बे आला की थांबव." दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहत, कारण फार वेळ नुसतं उभं राहवत नसे. पहिल्या पहिल्यांदा बे दोन-तीनदा यायचा आणि आम्ही तिघंही हसायचो. नंतर तो येईनासा झाला. वाक्यं घासून घासून थोडीच उरली. मला ती पाठ झाली.

शेवटच्या वेळी ते ती तालीम अंथरुणातूनच करत होते. आवाज बसला होता. मध्येच थांबून म्हणाले, "शालन, त्या दिवशी मी काहून उतरलो, हे कोर्टात विचारतील. ते मी खरं सांगेन. मला तो पोरगा आवडला. आपल्याला असा चेला मिळाला याचीच मला गंमत वाटून राहिली होती. तेवढंच कारण आहे."

तारखेला थोडे दिवस राहिले असताना काका गेले. दुपारचे, झोपेत. मुलगा आला, सगळं त्याने केलं. आवारातली माणसं फारशी आली नाहीत. साक्षीच्या गोष्टीमुळे पुष्कळजण आधीच दूर झाले होते. गाडीत दह्यासारखे घट्ट बसून राहिलेल्या त्या बँकवाल्या साहेबांनी खांदा दिला.

मृत्यूचा दाखला कोर्टात द्यावा लागतो असं वकिलांनी कळवलं. मुलगा परत गेला होता, म्हणून काकू आणि मी गेलो. लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, सगळीकडे माणसं. आमच्या समोरच्या बाकावर करड्या स्वेटरमधले एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. शिपायाने दारात येऊन काकांचं पूर्ण नाव तीनदा पुकारलं. काकूंना उठवेना. मी दाखला घेऊन आत गेले, वकिलांच्या हातात दिला आणि बाहेर आले.

ते स्वेटरवाले गृहस्थ उठून आमच्यापाशी आले. निगम साहेब तेच. हात जोडून म्हणाले की आत्ताच कळलं, फार वाईट वाटलं. काकूंनीही हात जोडले. मग ते जरा घुटमळले आणि त्यांनी विचारलं की आपले साहेब नक्की काय सांगणार होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वकील म्हणत, महत्त्वाचा साक्षीदार आहे, बस.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्याने ते बोलवलं नसतं. आजूबाजूला माणसं होती. मी खाली फरशीकडे बघितलं आणि काका चौकटीला धरून म्हणत तसं म्हटलं.

"मैं नए लोगों को गाड़ी सिखाता था. हर एक की गाड़ी एक बार छूटने देता था और पूछता था, किसकी ग़लती. जो बोलता था मेरी, उसी के पास से उतरता था. इस लड़के को मैंने नहीं पूछा. वो मुझे अच्छा लगा, इसलिए मैं उतर गया. बाद में वो मेरे घर आया. उसने ख़ुद बताया कि दो पुलों के बीच वो दोस्त के साथ टाइम देख रहा था. उन मैडम की कोई ग़लती उसने भी नहीं बताई, सिर्फ़ इतना बोला कि वो सामने आ गई. वो अपने रास्ते घर जा रही थीं. इस लड़के को रोकना मेरा काम था. मैंने नहीं किया."

निगम साहेब उभेच होते. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"जिस दिन से हुआ है," ते म्हणाले, "उधर का हर आदमी यही कहता है कि सुषमा की ग़लती थी. मेरे अपने रिश्तेदार पूछते हैं, इतनी जल्दी क्या थी उसे." ते काकूंकडे वळले. "ये पहले आदमी हैं जिन्होंने कहा कि वो अपने रास्ते घर जा रही थी. और यही नहीं रहे."

आतून त्यांच्या नावाची हाक आली. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. साक्षीदार हजर नाही म्हणून पुढची तारीख पडली होती.